हेडफोनच्या भोकातला उजेड

कुठलीही वस्तू हातात आली की आमच्या शेजारचे सर आधी तिच्यातलं भोक शोधायचे. सापडलं की एक डोळा मिटून दुसरा त्या भोकाला लावायचे आणि म्हणायचे, "बघूया की, आत काय चाललंया." मग ती नळाची तोटी असो, गॅसचा बर्नर असो, नाहीतर लिफ्टच्या बटणाशेजारचं किल्लीचं छिद्र असो. मी राजारामपुरीतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये राहायला आले त्याच दिवशी मला हे दर्शन घडलं. हमालांनी माझ्या वॉशिंग मशीनचा पाइप सोडवून जिन्यात ठेवला होता, आणि एक उंचापुरा म्हातारा तो पाइप डोळ्याला लावून दुर्बिणीतून बघावं तसा माझ्याकडे बघत होता. मी कोण, कुठली, हे विचारायच्या आधी त्यांनी मला सांगितलं की पाइपात अर्ध्यावर कचरा अडकलाय. अडकला होताच.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. अशी माणसं शेजारी असली की करमणूक होते आणि डोकंही उठतं. सोसायटीची सहल पन्हाळ्याला गेली तेव्हा आम्ही सगळे दरीकडे पाठ करून फोटो काढत होतो आणि सर तटाच्या जंग्यांना, म्हणजे बंदुकीसाठी ठेवलेल्या भोकांना, एकामागून एक डोळा लावत चालले होते. सगळ्या जंग्या खाली उतरत्या का, सरळ का नाहीत, यावर त्यांनी भर उन्हात आम्हाला उभं करून शिकवलं. झुणका-भाकरी गार झाली. तरी कोणी निघून गेलं नाही, कारण त्यांचा आवाज मागोमाग आलाच असता.

तो आवाज हा एक वेगळाच विषय होता. सरांचं गाव बिद्रीच्या बाजूचं. त्याच भागातल्या हायस्कुलात त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं. शाळा रस्त्याला लागून, आणि कारखान्याचा हंगाम सुरू झाला की उसाचे ट्रॅक्टर दिवसभर खिडकीखालून धडधडत जायचे. त्या धडधडीवर मात करून गुरुत्वाकर्षण शिकवायचं म्हणजे गळा तसाच हवा. निवृत्त होऊन ते इथे फ्लॅटमध्ये आले, ट्रॅक्टर मागे राहिले, गळा तेवढा बरोबर आला.

मला ते मॅडम म्हणायचे. मी गल्लीच्या टोकाला एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवते, म्हणजे टायपिंग आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर, बाकी काही नाही. पण विजेवर चालणारं जे जे आहे ते मला कळतं असा त्यांनी स्वतःचा समज करून घेतला होता. माझं दार वाजलं आणि बाहेरून "मॅडम, जरा बघूया की" असं ऐकू आलं, की मी गॅस बारीक करायची.

त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, त्यांच्या अगदी उलट. लहानखुऱ्या, कमी बोलणाऱ्या, गॅलरीतल्या कढीपत्त्याजवळ स्टूल टाकून बसणाऱ्या. कोल्हापूरच्या बायका बोलतात तसं "मी जातो, मी बसतो" असंच बोलायच्या. त्यांना हळूहळू ऐकू कमी यायला लागलं. सुरुवातीला त्या दोनदा विचारायच्या. मग विचारणं सोडून नुसतं "कळलं" म्हणायला लागल्या, आणि ज्याला त्याला "कळलं" म्हणणाऱ्या माणसाला काहीच कळत नाहीये हे घरातल्यांना सगळ्यांत शेवटी कळतं.

सरांनी त्यावर त्यांच्या परीने उपाय काढला. ते आणखी मोठ्याने बोलायला लागले. आता विचार करा, मुळात तो गळा, त्यात ही भर. काकूंना गोळी घेतली का, पोट साफ झालं का, गुडघ्याला तेल चोळलं का, हे सगळं तळमजल्याच्या दुकानदारापर्यंत पोचायचं. आम्ही हसायचो. एक दिवस मी पापडाचं पीठ द्यायला गेले तेव्हा काकू मला म्हणाल्या, "ह्ये कवा मला ए म्हनून वरडलं न्हाईत. आता दिवसभर माझ्यावर वरडत्यात." मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं की सर रागावत नाहीत, ऐकू यावं म्हणून बोलतात. त्या म्हणाल्या, "कळलं."

त्यानंतर मला हसू आलं नाही.

बंगळूरला असलेल्या त्यांच्या मुलीने कानाची मशीन पाठवली. त्याबरोबर एक चपटी डबी होती. ती टीव्हीला जोडली की टीव्हीचा आवाज बिनतारी थेट मशीनमध्ये येतो, अशी ती सोय. काकूंना टीव्हीचं वेड नव्हतं, त्यामुळे डबी कपाटात गेली. मशीनही बहुतेक वेळ हिंगाच्या रिकाम्या डबीत असायची, कारण ती घातली की भांडी, रिक्षांचे हॉर्न, लिफ्टचं दार असं सगळं एकदम अंगावर यायचं आणि त्यात सरांचं बोलणं म्हणजे भर लग्नात कोणीतरी ओरडल्यासारखं वाटायचं. बोलणाऱ्याने गळ्यात घालायचा एक छोटा माईकही असतो म्हणे, पण त्यांच्या मॉडेलचा तो बनणं बंद झालं होतं.

पुढचं सगळं घडलं ते मुलीच्या जुन्या लॅपटॉपमुळे. तिने नवीन घेतला आणि जुना आई-वडिलांना दिला, व्हिडिओ कॉलसाठी. त्याची बॅटरी मेलेली, चार्जर सतत लावून ठेवावा लागायचा. एकदा कॉल चालू असताना सरांना लॅपटॉपच्या कडेला सुईने टोचल्यासारखी भोकं दिसली. मी सांगितलं, तो माईक. सरांनी डोळा लावला, मग तोंड लावलं, मग बराच वेळ गप्प बसले. सर गप्प बसले की मला काळजी वाटायची.

"मॅडम," ते म्हणाले, "ह्या भोकातनं माझा आवाज आत जातोय. मग दुसऱ्या भोकातनं भायेर काढून त्या डबीत घातला तर?"

कल्पना साधी होती. सर लॅपटॉपशी बोलणार, लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून आवाज डबीत, डबीतून काकूंच्या कानात. मधे ना रिक्षा, ना भांडी. मी लॅपटॉपमध्ये माईकचा आवाज सरळ बाहेर सोडायची सोय शोधली, साधी हेडफोनची वायर आणली आणि जोडणी केली. काकूंनी मशीन घातली आणि लगेच काढली. "गिरन चाललीय आत," म्हणाल्या.

घरघर होती. चार्जर काढला की घरघर जायची, पण मग लॅपटॉपही जायचा. वायर बदलली, प्लग बदलला, पाटावर उभं राहून अर्थिंग तपासायला वायरमन आला आणि इमारतीच्या जुन्या वायरिंगला नावं ठेवून चहा पिऊन गेला. घरघर तशीच. मी कंटाळले. जिन्यात मी सरांना म्हटलं की आता सोडा, काकूंना त्याची सवय झालीय. खरं तर सवय मलाच झाली होती.

सर पायरीवर बसले. त्यांच्या मानाने बऱ्याच खालच्या आवाजात म्हणाले, "वरडून काय बोलता येतंय, मॅडम? गॅस बंद कर. गोळी घे. दार लाव. बाकीचं वरडून बोलता येत न्हाय. आमचं बाकीचं बोलणं बंद झालंय."

 माझ्या लग्नाला बरीच वर्षं झालीत, आणि त्या "बाकीच्या"त काय काय येतं ते मला ठाऊक आहे. त्या दिवसापासून मी दार वाजल्यावर कुरकुर करणं बंद केलं.

त्याच आठवड्यात एके दुपारी सर लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून, तान्हं पोर आणावं तसा छातीशी धरून आले. त्यांनी चिडून हेडफोनची वायर ओढून काढली होती. तेव्हापासून लॅपटॉपच्या स्पीकरची वाचा गेली होती, आणि शिवाय हेडफोनच्या भोकात लाल काहीतरी जळत होतं. "निखारा हाय आत," ते म्हणाले. घाबरले मुळीच नव्हते. त्यांचा चेहरा जत्रेत आलेल्या पोरासारखा झाला होता.

मी चार्जर जोडला आणि पडदा ओढला. खरंच लाल उजेड होता. सर डोळा लावायला निघाले तेव्हा मी त्यांचा दंड धरून मागे ओढलं. मग त्यांनी भोकासमोर कागद धरला. कागदावर नेटका लाल ठिपका पडला. भाजत नव्हता, वास नव्हता, धूर नव्हता. आवाजाच्या भोकात उजेडाचं काय काम, हे आम्हा दोघांनाही कळेना. सर म्हणाले, हे कळल्याशिवाय आपण जेवणार नाही. बारा वाजून गेले होते आणि मला भूक लागली होती, म्हणून मी इंटरनेट उघडलं.

काही जुन्या लॅपटॉपमध्ये ते भोक दोन कामं करतं. साधी पिन घातली तर आवाज विजेच्या रूपात बाहेर येतो. पण दुसऱ्या एका खास पिनेची वायर घातली तर तोच आवाज आकड्यांच्या रूपात, उजेडाच्या उघडझापीने बाहेर पडतो. कुठली पिन आत आहे हे ओळखायला भोकाच्या आत एक बारकी कळ असते. सरांनी हिसका दिला तेव्हा ती कळ अडकली, आणि लॅपटॉप बिचारा आपल्याला उजेडाची वायर लावलीय असं समजून स्पीकर मुका ठेवून लाल दिवा लावून बसला. दात कोरायच्या काडीने ती कळ अलगद हलवली की दिवा विझतो, असंही लिहिलं होतं.

मी काडी घेतली. सरांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. "इझवायचा न्हाय," म्हणाले, "वापरायचा."

त्यांनी घरी जाऊन कपाटातली डबी आणली. तिला मागे दोन तोंडं होती. एक गोल, ज्यात आम्ही वायर घातली होती, आणि दुसरं चौकोनी, चिमुकल्या झाकणाचं, ज्यात काय घालायचं हे आम्हाला कधीच कळलं नव्हतं. सरांना ते चौकोनी तोंड पहिल्यापासून खुपत होतं. आता त्यांनी लॅपटॉपचं भोक आणि डबीचं तोंड समोरासमोर धरलं, कितीतरी वेळ दोन्हीकडे बघितलं आणि सावकाश म्हणाले, "ह्या उजेडाच्या वायरीत तांबं नसतंय न्हवं? मग घरघर कशावरनं चालत येणार?"

 खरंच, वायर नुसती पारदर्शक दोरी. वीज तिच्यातून येऊ शकत नाही, मग विजेची घरघर तरी कुठून येईल? मी त्यांना म्हटलं, सर, जमेल. जेवायच्या आधी ते लॅपटॉप घेऊन घरी गेले आणि काकूंच्या तळहातावर तो लाल ठिपका पाडून दाखवला. काकू म्हणाल्या, "कुकवाएवढा हाय की." सर ओरडून समजावत होते, काकू नुसत्या ठिपक्याकडे बघत होत्या.

वायर मिळवणं हे दुसरं दिव्य. राजारामपुरीत जितकी इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत तितक्यांत सर मला घेऊन फिरले. एका दुकानदाराने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पावणं, हेडफोनच्या भोकातनं उजेड पायजे आसंल तर चष्म्याच्या दुकानात बघा." सरांनी त्याला तिथेच शिकवायला घेतलं. गिऱ्हाइकं जमली. वायर मिळाली नाही, पण आपल्या दुकानात येऊन आपल्यालाच धडा शिकवणाऱ्या माणसाला त्या दुकानदाराने थंड ताक पाजलं, हेही सांगायला हवं.

शेवटी मी ती ऑनलाइन मागवली. चांगली लांब वायर, दोन्ही टोकं चौकोनी, आणि एका टोकावर बसवायला हरभऱ्याएवढी गोल टोपी, हेडफोनच्या भोकात जाईल अशी. ती टोपी काकूंनी खरोखरच हरभऱ्याबरोबर सुपात घेतली होती. वेळेवर सापडली.

मांडणी सरांनी ठरवली. लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या टेबलावर, समोर त्यांची लाकडी खुर्ची. ती बसलं की कर्रर्र करायची. तिथून हॉलमधून थेट गॅलरीतली काकूंची पाठ दिसायची. डबी गॅलरीच्या खिडकीत. वायर मी दुसऱ्या दिवशी लावते म्हटलं होतं. सरांना दम कुठला. मी क्लासहून आले तेव्हा त्यांनी ती भिंतीला खिळ्यांच्या क्लिपा ठोकून, दाराच्या चौकटीशी काटकोनात करकचून वळवून, शाळेच्या फळ्यावर रेघ मारावी तशी लावली होती. देखणं काम. आवाज शून्य. डबीकडच्या टोकाला लाल ठिपका दिसेना.

मी त्या काटकोनाकडे बोट दाखवलं. सरांनी बघितलं. त्यांचे कान लाल झाले. प्रकाश सरळ रेषेत जातो हे त्यांनी किती पिढ्यांकडून पाठ करून घेतलं असेल, आणि त्यांनीच उजेडाला विजेची वायर समजून कोपऱ्यात मुरगळलं होतं. ते स्वतःवर इतके हसले की खोकला आला. मग एकेक क्लिप स्वतः उपटली. आतला धागा नशिबाने तुटला नव्हता. वायर कपड्यांच्या दोरीसारखी सैल, झोळदार सोडली. टोकाला ठिपका उगवला.

काकूंनी मशीन घातली. आम्ही दोघींनी वाट बघितली. घरघर नव्हती. काकू म्हणाल्या, "कायबी न्हाय. लई शांत हाय." तेवढ्यात स्वयंपाकघरातून सरांनी, जन्माच्या सवयीने, हायस्कुलाच्या आवाजात गर्जना केली, "ऐकू येतंय का?" काकूंनी दोन्ही हातांनी कान धरले. "वरडू नगासा की," त्या म्हणाल्या. "कानातच बसलाईसा."

आणि मग आमच्यापुढे अशी अडचण आली जी कुठल्या इंटरनेटवर लिहिलेली नव्हती. सरांना हळू बोलता येईना. प्रयत्न केला की घसा घरघरायचा, शब्द अर्धा गिळला जायचा. मी त्यांच्या शेजारी उभी राहून हाताने खाली, आणखी खाली अशी खूण करत होते. शेवटी त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं. मी हॉलमध्ये आले. खुर्ची कर्रर्र वाजली. ते काय बोलले मला ऐकू आलं नाही, दहा पावलांवर उभी असून आलं नाही, एवढंच मी सांगू शकते. काकूंची पाठ माझ्याकडे होती. त्यांनी मागे न बघता, अगदी सहज, "व्हय," म्हटलं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तवा तुमी कुठं काय बोलला?" आणि हसल्या. मी चप्पल हातात घेऊन बाहेर पडले.

पुढच्या काही दिवसांत इमारत इतकी शांत झाली की लोकांना काळजी वाटली. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी मला विचारलं, सर आजारी आहेत का, आवाज नाही. तळमजल्याच्या दुकानदाराला तर काकूंनी गोळी घेतली की नाही हेच कळेनासं झालं. मी बघायला गेले. दार उघडंच होतं. काकू गॅलरीत मेथी निवडत होत्या, सर टेबलाशी पेपर धरून लॅपटॉपला पुटपुटत वाचून दाखवत होते आणि मधेच काकू तिकडून काहीतरी उत्तर देत होत्या. मला बघून सरांनी ओठांवर बोट ठेवलं. नंतर त्यांना ही खोडच लागली. मी साधं बोलले तरी म्हणायचे, "हळू बोला की मॅडम, ऐकू येतंय." माझ्या आयुष्यात मला हळू बोलायला सांगणारा माणूस सरांच्या गळ्याचा निघावा याची मला अजून गंमत वाटते.

गेल्या थंडीत सर गेले. सकाळी अंघोळ करून आले आणि छातीत दुखतंय म्हणाले, तेही हळूच म्हणाले, असं काकू सांगतात. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मुलगी आली, काकूंना बंगळूरला चला म्हणाली. त्या म्हणाल्या, बघू.

दिवसकार्य झालं, पाहुणे गेले, मुलगीही गेली. मग एका दुपारी मी डबा घेऊन गेले. काकू गॅलरीत स्टुलावर बसल्या होत्या, कानात मशीन. खिडकीतल्या डबीचा दिवा चालू होता. मला वाटलं, चुकून राहिलं असेल. मी जवळ जाऊन खुणेनेच विचारलं, बंद करू?

"नको," त्या म्हणाल्या. "मी सकाळी लावून येतो. ऐकत बसतो."

काय ऐकता, असं मी विचारलं नाही, पण माझ्या तोंडावर ते दिसलं असावं.

"तिथलं," त्या म्हणाल्या. "नळ टपकतोय. फ्रिज चालू व्हतोय. कबुतर येतंय खिडकीत."

मी डबा ठेवायला स्वयंपाकघरात गेले. लॅपटॉप उघडा होता. हेडफोनच्या भोकात ती हरभऱ्याएवढी टोपी आणि तिच्या कडेने किंचित लाल उजेड. टेबलावर सरांचा चष्मा. मला एकदम थकवा आला आणि काही विचार न करता मी खुर्चीत बसले. खुर्ची कर्रर्र वाजली.

गॅलरीत काकूंची पाठ ताठ झाली. त्यांनी मान वळवली.

माझ्या हातून काय झालं ते माझ्या ध्यानात आलं. उठले असते तर पुन्हा वाजली असती. मी लॅपटॉपकडे वाकले आणि मला जमेल तितक्या हळू म्हणाले, "काकू, मी आहे. चहा टाकू?"

त्यांनी मला बघितलं. मग पुन्हा कढीपत्त्याकडे तोंड केलं.

"टाक की," त्या म्हणाल्या. "पर जरा बसून ऱ्हा तिथंच."

मी बसून राहिले.